एकीवर भागलं

चामड्याच्या कारखान्यामागच्या वस्तीत पोलीस यायचे ते कुणाला तरी उचलून न्यायलाच. त्यामुळे सुतळी पहिल्यांदा वर्दी घालून गल्लीत शिरली, तेव्हा दोन-चार पोरांनी धूम ठोकली. मामी दारात येऊन म्हणाली, "तू होय. माझ्या पोटात गोळाच आला होता."

सुतळी हे तिचं लहानपणापासूनचं नाव. अंगानं बारीक, पण ओढून तुटायची नाही. वस्तीतून पोलिसात गेलेली ती पहिलीच. तिला हेरलं होतं भरतीचं काम बघणाऱ्या मोठ्या अधिकारी बाईंनी. बाई स्वतः घरी येऊन सतरंजीवर बसल्या होत्या. "खात्यात सगळ्या थरांतली माणसं पाहिजेत," त्या म्हणाल्या होत्या. सुतळीची आई वारली त्या वेळीही बाईच धावून आल्या. तेव्हापासून सुतळीचा त्यांच्यावर आईसारखा जीव.

म्हणून बाई जेव्हा म्हणाल्या, "आता तुझ्या वस्तीतल्या आणखी मुली आण, पुढचं मी बघते," तेव्हा सुतळी घरोघर फिरली. मामी आढेवेढे घेत होती. मामेबहीण धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. दिवसभर उभं राहून पाय लोखंडासारखे झालेले. सुतळीनं शब्द दिला तेव्हा कुठे मामी तयार झाली.

कारखान्याच्या मागच्या मैदानात, ओल्या चामड्याच्या वासात, पोरी रोज सकाळी पळू लागल्या. मामेबहीण सगळ्यांच्या पुढे. पेपरवाले आले, बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. वस्तीत तो फोटो घरोघर फिरला.

दुपारी चहाला बाई सुतळीला खोलीत बोलवायच्या. कोण कुणाची, घरी कोण काय करतं, असं मायेनं विचारायच्या. माहेरी बोलावं तसं सुतळी मोकळेपणानं बोलायची. मामेभावाला कारखान्याच्या गेटवरच्या मारामारीत एकदा पोलिसांनी आत टाकलं होतं आणि सकाळी सोडून दिलं होतं, हेही तिनं हसत हसत सांगितलं. एकीचा बाप पितो, दुसरीचा काका पोलिसांशी भांडला होता. वस्तीत कुठल्या घरात असलं काही नसतं?

निकाल लागला. पळण्यात आणि लेखी परीक्षेत सगळ्या पास. घरच्यांच्या चौकशीत सगळ्या बाद.

काहीतरी चूक झाली असेल म्हणून सुतळी बाईंकडे धावली.

"चूक नाही," बाई म्हणाल्या. "घरात पोलिसांचं लचांड असलेली मुलगी घेता येत नाही."

"पण हे मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"हो ना. म्हणून तर चौकशीला वेळ लागला नाही."

"मग त्यांना पळवलं कशाला?"

"आपण दार उघडं ठेवलं होतं, हे दिसायला हवं होतं. आणि वस्तीतली एक आहे की आपल्याकडे. तू आहेस." बाईंचा आवाज अजून मऊच होता. "मी या खात्यात आले तेव्हा मीही एकटीच बाई होते. एकीवरच भागवतात ते. तुझ्या बढतीसाठी मी शब्द टाकलाय."

सुतळी सलाम न करताच बाहेर पडली.

संध्याकाळी ती मामीकडे गेली. मामीनं बस म्हटलं नाही. मामेबहीण दुकानातून आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "माझ्या भावाचं त्यांना कुणी सांगितलं?"

खोटं बोलता आलं असतं. "मी."

"का?"

"आपलं माणूस समजून बोलले गं."

"आपलं माणूस कोण? त्या की आम्ही?"

मामी एवढंच म्हणाली, "केसानं गळा कापलास, पोरी."

थोड्याच दिवसांत नदीकाठच्या वस्तीत भरतीचा मेळावा झाला. बाईंनी सुतळीला व्यासपीठावर उभं केलं. खालून एका मुलीनं विचारलं, "ताई, तुमच्या वस्तीतल्या किती जणी आहेत तिथं?"

सुतळीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हसून मान हलवली, बोल म्हणून.

"मी एकटीच," सुतळी माईकवर म्हणाली. "बाकीच्या माझ्यापेक्षा जोरात पळत होत्या. तुम्ही या, जरूर या. पण तिथं कुणी मायेनं चहा पाजून घरच्यांचं विचारलं, तर तोंड उघडू नका."

फोटोवाले समोर होते, म्हणून बाईंचं हसू जागेवरून हललं नाही. गाडीत मात्र त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्यासाठी मी काय नाही केलं?" त्यांनी खरंच खूप केलं होतं, आणि तेच सुतळीला सहन होत नव्हतं.

बढती गेली. तिला जप्त केलेल्या गाड्यांच्या आवारात पहाऱ्यावर टाकलं. मेळाव्यातली गोष्ट वस्तीत पोचली. रस्त्यात मामेबहीण भेटली तेव्हा सुतळी थांबली.

"ऐकलं मी," मामेबहीण म्हणाली. "त्या पोरींना वेळेवर सांगितलंस. बरं केलंस." आणि कपड्यांचं गाठोडं दुसऱ्या काखेत घेऊन ती पुढे निघून गेली.