बारा हात कमी

पंजाबरावांनी विहिरीत बादली सोडली. दोर संपला, तरी पाण्याचा आवाज आला नाही. बादली मध्येच लोंबकळत राहिली.

काठावर दुर्गाबाई राखेनं पाण्याचा गुंड घासत होती. तिनं मान वर केली नाही.

गावची विजेची डीपी जळून अकरा दिवस झाले होते. नवी डीपी नांदगाव खंडेश्वराहून निघाली, निघाली, एवढंच रोज ऐकू येई. मोटारी बंद, म्हणून बोअरही बंद. बोअर आले तेव्हा हेच पंजाबराव सरपंच होते. गावची चांगली बांधीव विहीर त्यांनी मुरूम टाकून बुजवली, वर ओटा बांधला आणि त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. आता प्या म्हणावं ते नाव!

उरली होती ती बुद्धविहारामागची ही एकच विहीर, दुर्गाबाईच्या सासऱ्यानं शेजारपाजारच्यांना घेऊन खणलेली. आज अकरा वाजता अकोल्याचे पाहुणे पंजाबरावांच्या मुलीला बघायला येणार होते आणि साठवलेलं संपून घरात तांब्याभर पाणी उरलं नव्हतं. म्हणून स्वारी इकडं उगवली होती. तीही कशी, तर बैलबंडीवर ड्रम ठेवून, स्वतःची बादली आणि स्वतःचा नवाकोरा नायलॉनचा दोर घेऊन. गडगडीवर दुर्गाबाईचा दोर तयार होता, पण त्याला हात कसा लावायचा!

“लय खोल हाय काय वं?”

“बत्तीस हात. बारा हात कमी पडला तुमचा दोर, पाटील.”

पंजाबरावांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. मग कुणी बघत नाही ना, तेही पाहिलं.

“तुहा दोर दे न जोडाले.”

“माहा चालते तुमाले?”

“आता वेळच तशी आली, बाई.”

तिनं दोन्ही दोरांची गाठ मारली. बादली पाण्याला लागली, पण पंजाबरावांनी ती वर काढेपर्यंत निम्मी सांडली.

“व्हा बाजूले. पाहुने तहानेनं मरतीन तुमचे.”

तिनंच शेंदून बंडीवरचा ड्रम भरून दिला. मग पंजाबराव दोर सोडवायला बसले. ओली गाठ ओढून ओढून दगड झाली होती. त्यांनी नखं लावली, शेवटी दात लावले. गाठ ढिम्म हलली नाही.

दुर्गाबाईनं घरातून विळा आणला. गाठीपासून हातभर अंतर सोडून तिनं आपलाच दोर कापला आणि तो तुकडा गाठीसकट त्यांच्या बंडीत टाकला.

“गाठीजवळून कापाचा होता न,” पंजाबराव म्हणाले. “चांगला हातभर दोर काहून वाया घातला?”

“तुमी दात लावले त्याले,” ती म्हणाली. “आमच्यात चालत नाई.”

आणि गुंडाजवळची राख घेऊन ती उरलेला दोर घासायला बसली.