आमोसच्या नावावर

चुन्याच्या कामाला घाई चालत नाही. थंडी पडायच्या आत चुना धरला नाही, तर गोठून त्याचा भुगा होतो. माझे उस्ताद आमोस टफली हे मला रोज ऐकवायचे. तरीही पस्तीस वर्षांपूर्वी, ते पाठ धरल्यामुळे घरी पडले होते तेव्हा, नेदरकोट नावाच्या जुन्या घराच्या दक्षिण भिंतीतले दगडांमधले सांधे मी चुन्याऐवजी सिमेंटने भरून टाकले. ऑक्टोबर संपत आला होता आणि मला काम उरकायचं होतं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

काल मालकीणबाई मिसेस पेव्हरेल यांनी मला तीच भिंत बघायला बोलावलं. घर चारशे वर्षांचं. सिमेंट अजून शाबूत, आणि मधल्या पिवळ्या दगडाचे पोपडे सुटून तो बोटभर आत गेलेला. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडतं. मी ती वाटच बुजवली, म्हणून पाणी दगड फोडून निघालं.

"कुणा गाढवाचं काम हे?" बाई म्हणाल्या. "इथे शेवटचं काम आमोसनेच केलं होतं ना?"

चहा घेऊन आलेली विनिफ्रेड तिथेच उभी होती. आमोसची मुलगी, या घरचा स्वयंपाक तीच बघते. तिने माझ्याकडे पाहिलं, जरा थांबली, मग म्हणाली, "बाबांचं वय झालं होतं, बाईसाहेब. चुकलं असेल. मी माफी मागते."

आणि मी, नालायक, चहा ढवळत राहिलो.

बाई आत गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. "विनी, ते काम..."

"तुझं. माहीत आहे मला," ती कप विसळत म्हणाली. "बाबा कामावर परत आले त्याच दिवशी त्यांनी पाहिलं. काढायला जावं तर दगडाच्या कडा फुटणार. त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, तो स्वतःहून सांगेल, तू तोंड उघडू नकोस. मरेपर्यंत वाट बघितली त्यांनी. मघाशी मीही बघितली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला काय सांगतोस, डेस्मंड? तिकडे जाऊन सांग."

दिवाणखान्यात जाऊन मी सगळं सांगितलं. मिसेस पेव्हरेल रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढला आणि विचारलं, "मग ती माफी मागत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?"