दुसऱ्या भागाबद्दल

चेलनाने धाकट्या भावाचा अंगठा उचलून कंट्रोलरच्या बटणावर ठेवला. तो क्षणभर टेकला आणि घसरला.

"राहू दे दीदी. तू खेळ, मी बोलतो," अखिल म्हणाला. "रेकॉर्डिंग लाव."

गेमचा पहिला भाग आला तेव्हा त्याचे हात चालत होते. त्यावरचा त्याचा व्हिडिओ जळगावात गाजला होता. एरंडोलच्या कुणीतरी खाली अहिराणीत लिहिलं होतं, 'भाऊ, बठ्ठं भारी शे', म्हणजे सगळंच भारी आहे. मग स्नायूंचा आजार बळावत गेला. धुळ्याच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला औषधही बदललं नाही. नुसतं 'जपा' म्हणाले.

"आधी चांगलं सांगतो," अखिलने सुरुवात केली. "जंगल बघा. पानापानावर ऊन वेगळं पडतं. गावातली माणसं आपापल्या कामात असतात, नायकासाठी कुणी खोळंबत नाही." तो दम घ्यायला थांबला. "आता वाईट. नकाशा मोठा, पण अर्धा ओसाड. जुना सोबती उगाच मारलाय. आणि नायकाची सगळी ताकद सुरुवातीलाच काढून घेतात."

दारात मेथी निवडत बसलेल्या तारादेवींनी मान वर केली.

"मग परत मिळते का रे?"

"मिळते, मम्मी. गेम आहे तो."

तारादेवी पुन्हा मेथी निवडू लागल्या.

पुलावरच्या राक्षसाने चेलनाला लोळवलं. पुन्हा लोळवलं. "ढाल!" असं अखिल ओरडायचा, पण तो शब्द तोंडातून निघेपर्यंत नायक आडवा झालेला असायचा.

"सोपं कर," शेवटी तो म्हणाला.

सोप्या पातळीवर खेळणाऱ्यांची त्याने पहिल्या भागाच्या व्हिडिओत यथेच्छ टर उडवली होती. चेलनाने पातळी बदलली. एका घावात राक्षस कोसळला. दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

"तर मित्रांनो, हा भाग घ्यावा की..." अखिलचा आवाज चिरकला. "हे कापून टाक. शेवट तू बोल."

"मला काय कळतं त्यातलं?"

"खेळलीस तू. तिसरा भाग येईल, तेव्हाही तुलाच बोलायचंय."

मेथी निवडणारे हात थांबले. चेलना आईकडे बघायचं टाळत उठली आणि तिने फोन तोंडाजवळ धरला.

"नमस्कार, मी..." ती म्हणाली, आणि पुढे कुणाचं नाव घ्यावं ते तिला सुचेना.