विहीणबाईंसाठी नोव्हेंबर

चिलीच्या पार दक्षिण टोकाला, आमच्या पुंता अरेनासला कधी यावं, असं बाहेरच्या कुणी विचारलं की आम्ही गावकरी एकमेकांची तोंडं बघतो. जुलैत थंडी हाडात शिरते आणि संध्याकाळच्या चहाआधीच बाहेर काळोख होतो. जानेवारीत दिवस मावळता मावळत नाही, पाहुणे झोपत नाहीत आणि आपल्यालाही झोपू देत नाहीत. मार्चमध्ये या, असं सांगायची रीत आहे. नोव्हेंबरचं नाव मात्र कुणी घेत नाही. नोव्हेंबर म्हणजे आमचा वसंत, आणि वसंत म्हणजे वारा.

माझ्या थोरल्या बहिणीनं, नेल्दानं, आपल्या विहीणबाईंना नेमकं नोव्हेंबरचं आवतण दिलं.

त्यामागे कारण होतं. तिच्या मुलाचं, मिर्कोचं, लग्न आंतोफागास्ताला झालं. तिथं वाळवंट आहे, पाऊस बघायला माणसं टीव्ही लावतात. नेल्दा आपला एकुलता एक चांगला लोकरी सूट घालून उन्हात उभी राहिली आणि चर्चच्या पायऱ्यांवरच चक्कर येऊन पडली. नवरीची आई होर्तेन्सियाबाई. त्यांनी तिला पाणी मारलं, वारा घातला, आणि मग जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “दक्षिणेची माणसं लोण्याची असतात बाई, ऊन लागलं की वितळली.” सगळे हसले. नेल्दाही हसली. घरी येईपर्यंत मात्र ती मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, “लोणी? मी?”

पुढे होर्तेन्सियाबाईंचा फोन आला. “विहीणबाई, जावयाचं गाव बघायचंय. तुमच्याकडे हवा बरी कधी असते हो?”

“नोव्हेंबरात या,” नेल्दा म्हणाली. “फुलं फुललेली असतात.”

मी शेजारी माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसलो होतो. मला ठसका लागला. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “ताई, अगं नोव्हेंबर?”

“का, फुलं नसतात का नोव्हेंबरात?”

“असतात. झाडावर राहत नाहीत एवढंच.”

“येर्को, तू तुझी गाडी चालव.”

तर नोव्हेंबर उजाडला. चौकाच्या कोपऱ्यावर दरवर्षीसारखे दोर बांधले गेले, माणसांना वाऱ्यात धरून चालता यावं म्हणून. मी गाडी घेऊन विमानतळावर गेलो. नेल्दा बरोबर होतीच, कानटोपी घट्ट बांधून, तोंडावर नुसता आनंद.

आणि वारा पडला.

पडला म्हणजे साफ पडला. गावासमोरच्या सामुद्रधुनीचं पाणी ताटातल्या तेलासारखं. होर्तेन्सियाबाई केसाळ कॉलरचा नवाकोरा कोट घालून उतरल्या. बाई उंच, आडव्या बांध्याच्या. इकडेतिकडे बघितलं आणि तिथंच कोट काढून माझ्या हातात दिला.

“छान उबदार आहे की. मिर्को उगाच घाबरवत होता.”

तशीच हवा दिवसामागून दिवस टिकली. झेंडे ओल्या फडक्यांसारखे लोंबत होते. नेल्दा सकाळी उठली की आधी शेजाऱ्याच्या छपराचा पत्रा वाजतो का ते ऐकायची. वाजायचा नाही. विहीणबाई अंगणात बिनबाह्यांच्या झग्यात बसून लेकीला फोनवर सांगायच्या, “अगं, आपल्यापेक्षा बरी हवा आहे. ही माणसं रडकी, दुसरं काही नाही.” आत नेल्दा पावाची कणीक अशी बदडायची की ओटा हलायचा.

मग एका सकाळी पत्रा वाजला.

नेल्दा गाणं गुणगुणत बाहेर आली. “विहीणबाई, आज चौकात फिरून येऊ. केक आणू.” मी त्यांना बेकरीच्या समोर सोडलं. दार सांभाळून उघडा, असं म्हणेपर्यंत नेल्दा खाली उतरलीही होती.

आता माझी बहीण वाळवलेल्या माशाएवढी. वाऱ्यानं तिला उचललं आणि रस्त्यानं न्यायला सुरुवात केली. दोर होता पलीकडे. होर्तेन्सियाबाई तिच्यामागे धावल्या, तिच्या कोटाचा पट्टा पकडला, आणि दुसऱ्या हातानं दिव्याच्या खांबाला मिठी मारली. मधे विहीण, एकीकडे खांब, दुसरीकडे विहिणीच्या बाहीला लटकलेली नेल्दा. मी आतून गाडीच्या दाराला खांदा लावला, पण वारा बाहेरून माझ्यापेक्षा जोरात टेकून उभा होता.

पुढचं दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं, पण एवढं जुळतं.

“सोडा मला,” नेल्दा म्हणाली. “मी इथलीच आहे.”

“सोडलं तर इथल्या राहणार नाही, अर्जेंटिनाच्या व्हाल.” होर्तेन्सियाबाई ओरडल्या. मग, “हे दर नोव्हेंबरात होतं?”

नेल्दा पलीकडच्या दोराकडे बघू लागली.

“विहीणबाई, मी विचारतेय.”

“दर नोव्हेंबरात.”

“म्हणजे माहीत असून बोलावलंत. का?”

“लोणी म्हणालात मला. सगळ्या पंगतीसमोर.”

होर्तेन्सियाबाईंनी खांबावरची पकड बदलली. “तुमचे डोळे पांढरे झाले होते हो. लेकीच्या लग्नात विहीण गेली असती तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? घाबरले की मी वाट्टेल ते बोलते.”

“आत्ता घाबरलायत?”

“फार.”

“मग बोला काहीतरी.”

“तुमच्या सूपला काही म्हणजे काही चव नसते.”

नेल्दाला हसू फुटलं. हसल्यानं तिचे हात सुटले आणि विहीणबाईंनी तिला अशी एक शिवी हासडली, जी मला गाडीच्या काचेतून ऐकू आली. वारा जरा दमला तेव्हा मी दोघींना ओढून गाडीत घातलं. केक राहिला.

घरी आल्यावर विहीणबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि नेल्दानं तो बिनतक्रार दिला.

जाताना होर्तेन्सियाबाईंनी विचारलं, पुन्हा कधी येऊ? या वेळी नेल्दानं अगदी खरं सांगितलं. “मार्चमध्ये या. जुलैत चुकूनही नको. काळोख असतो, रस्त्यावर बर्फाची काच होते, माणूस दारातच आपटतो.”

विहीणबाईंना खात्री पटली की जुलैतच काहीतरी बघण्यासारखं आहे आणि नेल्दा ते लपवतेय. त्या जुलैत आल्या. गाडीतून उतरल्या आणि फाटकाशीच आपटल्या. उजवं मनगट मोडलं.

डॉक्टर म्हणाले, हात जुळेपर्यंत प्रवास नको. तेव्हापासून दोघी शेगडीपाशी पत्ते खेळत बसतात. होर्तेन्सियाबाई डाव्या हातानं खेळतात आणि हरल्या की प्लास्टरकडे बोट दाखवतात. नेल्दा पत्ते पिसते, विहीणबाईंच्या पाळीचेही.