कुलूपवाल्यांच्या घरचे करसाहेब

मित्रांनो, मी एक जुने सॉफ्टवेअर आहे. लगेच नाक मुरडू नका. जुनी छत्री, जुनी सायकल, जुने घड्याळ यांच्या कहाण्या तुम्ही डोळ्यांत पाणी आणून ऐकता, मग माझी ऐकायला काय हरकत आहे? मला चाक नाही, दांडा नाही, माझ्यावर गंजही चढत नाही, हे खरे. पण मनाला लागायचे ते लागतेच.

माझे काम लोकांचा कर भरून देण्याचे. माणसे वर्षभर कमावतात, आणि त्यातला सरकारचा वाटा किती हे सांगायची वेळ आली की त्यांचे हातपाय गार पडतात. तेव्हा मी पुढे होऊन एकेक प्रश्न विचारते, उत्तरे योग्य त्या रकान्यांत बसवते आणि सगळे व्यवस्थित कर खात्याकडे धाडून देते. अर्थात पैसे घेऊन. फुकट राबायला मी काही कुणाचा पुतण्या नव्हे.

माझा जन्म एका उंच, गारेगार इमारतीत झाला. माझी आकडेमोड लिहायला दोन अबोल माणसे होती, ती कोपऱ्यात बसत. काम संपले की पडद्यावर तुताऱ्या वाजून रंगीत कागदाचे तुकडे उधळावेत, यासाठी मात्र मोठा चमू होता. आणि सगळ्यांत मोठे दालन होते घाबरवण्याचे. तिथे हुशार मुलेमुली दिवसभर विचार करत, की गिऱ्हाईक 'मला महागडी योजना नको' म्हणायला लागले तर त्याला कसे थोपवायचे. त्यांनी शेवटी दोन बटणे शोधून काढली. एक मोठे, हिरवे : 'होय, माझे रक्षण करा.' दुसरे बारीक, राखाडी : 'नको, मी संकटाला तोंड द्यायला तयार आहे.' माझ्या अंगचा हा सर्वांत सुंदर दागिना होता.

अशी नटूनथटून मी एका कुलूपवाल्यांच्या घरी आले. गृहस्थ कुलपे बसवत, किल्ल्या घासून देत, आणि किल्ली हरवलेल्यांना त्यांच्याच घरात शिरायला मदत करत. खालच्या मजल्यावर दुकान, वर घर. घरात ते स्वतः, पडदे शिवणाऱ्या बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि कॉलेजात शिकणारी लेक. जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला संगणक होता, उरलेल्या टेबलावर बाईंचे कापड पसरलेले असे. त्यामुळे त्या घरात जेवताना प्रत्येकाच्या मांडीवर ताट आणि खांद्यावर कुणाच्यातरी दिवाणखान्याचा पडदा, असाच थाट असायचा.

कुलूपवाल्यांचे आणि माझे पहिल्याच दिवशी जुळले. माझे ते राखाडी बटण पाहून ते खुर्चीत मागे टेकले आणि कौतुकाने हसले. दाराला दुसरी कडी विकताना ते स्वतः गिऱ्हाइकाला हेच ऐकवत : नको असेल तर नको, चोर आला की आपण बघून घ्या. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्याला ओळखावे, तसे त्यांनी मला ओळखले आणि हिरवे बटण दाबले. तेव्हापासून ते मला 'करसाहेब' म्हणू लागले.

दर वर्षी करसाहेबांसमोर बसायचे म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालत. मी विचारत असे, आपल्या मालकीचे जहाज आहे का? ते मोठ्याने म्हणत, नाही. खाण? नाही. शर्यतीचे घोडे? यावर ते थोडे थांबत. बाई पलीकडून म्हणत, आठवून बघा, एखादा असेल गॅलरीत. मग ते नाही म्हणत, पण इतक्या मानाने आपल्याला कुणीतरी घोड्याबद्दल विचारले याचे समाधान त्यांच्या तोंडावर दिवसभर राही. शेवटी माझ्या तुताऱ्या वाजत, कागदाचे तुकडे उडत आणि ते टाळ्या वाजवत. मित्रांनो, एवढा मान मला पुन्हा कुठे मिळणार होता?

शिवाय मी त्यांचे कष्ट वाचवत असे. एकदा सांगितलेली माहिती मी पुढच्या वर्षी आपणहून भरून ठेवी. नाव तेच, पत्ता तोच, कुटुंब तेच. विचारायचे कामच नाही. या गुणाबद्दल तर माझ्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापले होते.

सुखाला दृष्ट लागायची ती लागलीच. बाईंचे पडदे हळूहळू गावभर लटकू लागले. कापडाने टेबल गिळले, मग पलंग गिळला, मग लेकीचा अभ्यासाचा कोपरा. तेव्हा बाईंनी बाजारातली एक खोली हेरली. लांबरुंद, मोठ्या खिडकीची, एक अख्खा पडदा घडी न घालता अंथरता येईल अशी. मी बाईंना एरवी कधी काही मागताना ऐकले नव्हते. पण त्या खोलीबद्दल बोलताना त्यांचा हात आपोआप हवेत कापड पसरत असे. खोलीची मालकीण कडक होती. तुमच्या स्वतःच्या कमाईवर कर भरल्याची पोच आणा, तीही या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, नाहीतर चपलांचा दुकानवाला रांगेत उभाच आहे, असे तिने बजावले. आणि बाईंनी तर आजवर स्वतःच्या नावाने कधी कर भरलाच नव्हता. कमाई तेवढी नव्हतीच. यंदा पहिल्यांदाच झाली होती.

मी मनात मांडे खाऊ लागले. घरात एकाऐवजी दोन गिऱ्हाइके! पण लेकीने एक दिवस सहज सांगितले की छोट्या धंदेवाल्यांसाठी कर खात्याचेच एक पान आहे, तिथे सगळे फुकट भरता येते.

कुलूपवाल्यांना हे मुळीच पटले नाही. त्यांच्या मते फुकट उघडते ते कुलूप नव्हे, ते नुसते लोंबणारे लोखंड. आणि ज्याला आपला हिशोब सांगायचा त्याच्याच घरी जाऊन तो लिहायचा, म्हणजे मांजराच्या घरी जाऊन उंदराने आपला पत्ता ठेवून येण्यासारखे. मी आतून वाहवा केली. पण बाईंनी लेकीला शेजारी बसवून ते पान उघडले.

मित्रांनो, ते पान मी पाहिले. पांढरे फटक, अंगावर एक दागिना नाही. नाव काय, धंदा काय, किती मिळाले, किती खर्च झाले, बस्स. घोड्याचे नाव नाही की जहाजाचे नाही. असल्या कोरड्या पाहुणचाराला कोण भुलणार, असे मला वाटले. बाई भुलल्या. त्यांनी स्वतःचा पासवर्ड ठरवला, सगळे आकडे भरले आणि शेवटचे बटण दाबायचे तेवढे शुक्रवारवर ठेवले. सकाळी एका गिऱ्हाइकाच्या खिडक्या मोजून येते आणि मग शांतपणे दाबते, असे त्या म्हणाल्या. पासवर्डही त्यांनी घरात सांगून ठेवला, कारण त्या घरात कुठलीच किल्ली एकाच माणसाकडे कधी राहिली नव्हती.

आता कुलूपवाल्यांची एक पद्धत ऐका. नवे कुलूप बसवले की ते खरी किल्ली लावून बघत नाहीत. खऱ्या किल्लीने तर काय कोणतेही उघडेल, म्हणतात. ते खिशातून दुसऱ्याच किल्ल्या काढून एकेक लावून बघतात. चुकीच्या किल्लीला जे दाद देत नाही तेच कुलूप खरे. शुक्रवारी सकाळी बाई बाहेर पडल्या आणि यांना राहवेना. बायकोची आयुष्याची कमाई ज्या दाराआड ठेवली, ते दार एकदा तपासायला नको? इस्त्रीचा शर्ट न घालताच ते बसले आणि फुकटच्या पानाला चुकीचा पासवर्ड दिला. दार उघडले नाही. दुसरा दिला. नाही. मग त्यांनी हातचा राखून ठेवलेला, मोठमोठ्यांना फसवणारा एक तिरपागडा पासवर्ड दिला. तेव्हा पानावर सूचना आली, की कुणीतरी परका माणूस शिरकाव करू पाहत आहे, सबब बाईंचे खाते उद्यापर्यंत बंद ठेवले आहे.

कुलूपवाले इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. बाई परत आल्या तेव्हा ते जिन्यातच सामोरे गेले आणि सांगू लागले की काय कुलूप आहे, फुकटचे पण अस्सल, मला सुद्धा हाकलले त्याने. बाई टेपसकट खाली बसल्या.

"उद्या उघडणार?" त्या म्हणाल्या. "आणि खोली आज संध्याकाळी जाणार."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुलूपवाल्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षे लोकांना बंद दारातून आत घेणारा माणूस स्वतःच्या बायकोला बाहेर कोंडून बसला होता. बाई रडल्या नाहीत, पण टेप गुंडाळायची सोडून उलगडत बसल्या. मला त्यांची दया आली, खोटे कशाला बोलू? पण त्याहून जास्त आनंद झाला. कारण कुलूपवाले माझ्याकडे धावले. करसाहेब आहेत ना, ते आत्ता करून देतील, लागतील तेवढे पैसे लागोत, असे म्हणत त्यांनी मला उघडले.

मी सगळी कला पणाला लावली. एका कुटुंबात दोन करदाते हवेत तर 'सुवर्ण कुटुंब योजना' घ्या, असे मी म्हणाले. त्यांनी घेतली. माझे वय झाले आहे, आधी नवी आवृत्ती बसवा, असे मी म्हणाले. कुलूपवाल्यांनी तेही मान्य केले आणि पैसे भरायला पाकीट काढले. तेवढ्यात, माझ्या त्या सोनेरी गुणाप्रमाणे, मी कुटुंबाची माहिती आपणहून भरून समोर ठेवली. बाई वाकून वाचू लागल्या. अवलंबून व्यक्ती, असे लिहून खाली बाईंचे नाव होते. आणि व्यवसायाच्या रकान्यात : घरीच असते.

बाईंनी ते वाचले. मग गळ्यात टेप, दंडावर सुयांची गादी, पायाशी कुणाच्यातरी हॉलचे पडदे, अशा उभ्या राहून त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले.

"हे कुणी लिहिलं?"

"पहिल्या वर्षी मी," कुलूपवाले म्हणाले. "तेव्हा तू घरीच होतीस ना. पुढं साहेब आपणहून लिहितात."

"आणि तुम्ही दरवर्षी वाचत होता?"

कुलूपवाल्यांनी घोड्याच्या प्रश्नालाही एवढा वेळ कधी घेतला नव्हता. शेवटी ते म्हणाले की ते पान आपोआप पुढे जाते, वाचायची गरजच पडत नाही. मी मनात म्हटले, बरोबर आहे, तीच तर सोय आहे. पण त्या सोयीचे कौतुक करायला त्या वेळी खोलीत कुणी नव्हते.

"उठा," बाई म्हणाल्या. "ती खुर्ची मला हवी आहे."

खुर्चीत बसून त्यांनी कर खात्याच्या मदतीचा नंबर फिरवला. पलीकडे बराच वेळ बासरी वाजली. मग खात्यातली एक कर्मचारी बोलू लागली. आवाजावरून दमलेली वाटत होती, पण ऐकत होती. बाईंनी सांगितले की शिरकाव करणारा परका माणूस म्हणजे आमचे हे, कुलूप तपासत होते. बहुधा तिच्याही घरी असे कुणीतरी असावे, कारण तिने पुढे काही विचारले नाही. तुम्हीच त्या आहात याची खात्री करून खाते उघडून देते, असे म्हणून तिने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, आणि मग विचारले : तुमचा व्यवसाय?

मित्रांनो, मी आजवर शेकडो प्रश्न विचारले, पण उत्तर द्यायला कुणाला असे ताठ बसलेले पाहिले नव्हते.

"पडदे शिवते," बाई म्हणाल्या. "माझा स्वतःचा धंदा आहे."

खाते उघडले. बाईंनी पहिले काम केले ते पासवर्ड बदलण्याचे. कुलूपवाल्यांनी न सांगताच खिडकीकडे तोंड फिरवले. मग बाईंनी शेवटचे बटण दाबले. तुतारी नाही, कागदाचे तुकडे नाहीत. त्या पानावर एवढेच उमटले : मिळाले. पोच खाली आहे. कुलूपवाल्यांनी थोडी वाट पाहिली आणि काहीच वाजत नाही म्हणून स्वतःच दोनदा टाळ्या वाजवल्या. पोच छापून निघाली तशी बाई पायात चपला सरकवून जिना उतरल्या. चपलांचा दुकानवाला त्या दिवशी रिकाम्या हाताने परत गेला.

माझे पुढे काय झाले? पैसे भरायचे राहिले ते राहिलेच. मी अधूनमधून पडद्याच्या कोपऱ्यातून डोकावून सांगत असे की आपली मुदत संपली आहे, आपण असुरक्षित आहात. लेक मला न वाचताच मिटवून टाकी. बाजारातल्या खोलीला तर कुलूपवाल्यांनी असे कुलूप लावले की पहिल्या दिवशी बाई स्वतः अर्धा तास बाहेर होत्या.

वर्ष सरले. पुन्हा कर भरायची वेळ आली आणि टेबलाच्या टोकाला इस्त्रीचा शर्ट घालून कुलूपवाले येऊन बसले. माझा जीव हरखला. पण समोरच्या खुर्चीत बाई होत्या आणि पडद्यावर ते पांढरे फटक पान. बाई वाचून विचारत होत्या, कुलूपवाले उत्तरे देत होते. टेबल आता मोकळे होते, दोघांच्या मध्ये कापड नव्हते.

"व्यवसाय?"

"कुलपं."

"तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती?"

"लेक सोडली तर कुणी नाही," कुलूपवाले म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "उलट विचारलं असतं तर मी माझं नाव सांगितलं असतं. पण तसा रकाना नसेल."

"नाही," बाई म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न वाचायला त्यांना जरा वेळ लागला.

मित्रांनो, मला या संगणकावरून काढायचे तर खुशाल काढा, पण तो जिना उतरून भंगारात जाण्याआधी काढा, एवढी विनंती आहे. मी म्हातारे झाले आहे आणि मला उंदरांची भीती वाटते. आणि जाता जाता एक सांगते. घरातल्या माणसांची माहिती मागच्या वर्षावरून उचलून पुढे ओढू नका. ती माणसे वाढत असतात, आणि आपण वाचायचे सोडून देतो. दर वर्षी समोर बसून नव्याने विचारा. एवढे एकच मी आयुष्यात शिकले, आणि तेही फुकट.