चढ नसलेला रस्ता

माझ्या धाकटीला जुळं झालं, त्या वर्षी दादानं सायकलवरून तीन तळी बघायचं मनावर घेतलं. तिन्ही तळी एकाच नदीवर, आणि नदीच्या कडेकडेनं रस्ता. दादा बहात्तरचा, छाती अधू. डॉक्टरांनी चढ बंद केलेला. त्याच्या लेकीनं सायकलीची किल्लीच काढून घेतली. म्हणाली, "चढ नसलेला रस्ता दाखवा, मग न्या."

"पाणी जातं तिकडेच जायचं. सगळा उतार," दादा मला म्हणाला.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. मी नकाशा आणून भिंतीवर ठोकला. अक्षरओळख साठीत झालेली, म्हणून गावांची नावं बोट ठेवून मोठ्यानं वाचली. वरच्या टोकाच्या तळ्यापासून खालच्या टोकापर्यंत दोरा लावला, आठ मुक्काम ठरवले.

वहिनी डबा घेऊन आली. नकाशाच्या अगदी तळाशी, शेवटच्या तळ्याकाठी तिचं माहेर.

"आमच्या तळ्यात नदी येते असं धरलंत का?"

"मग? पाणी भिंतीवर चढणार आहे का?" मी हसलो.

"भाऊजी, भिंतीवर तुम्ही टांगलंय. पाण्याला काय ठाऊक? लहानपणी पुलावरनं माझी चादर पडली, ती तळ्याकडे आली नाही, लांब गेली. नदी आमच्याकडनं निघते."

दादा स्टुलावर बसला. "म्हणजे आठ दिवस चढच."

"दोघं भाऊ अतिशहाणे," वहिनी म्हणाली, "बैल रिकामाच राहायचा."

कुणी हसलं नाही. दादा उठायच्या बेतात होता. "राहू दे रे. लेक काही सोडत नाही."

मी खिळे उपटले, नकाशा उलटा टांगला. वहिनीचं माहेर वर गेलं. नावंही उलटी झाली, एक अक्षर लागेना.

"आता वाचणार कसं?" दादा म्हणाला.

"मान वाकडी करून. तू चालव, मी वाचतो."

लेकीनं दोरा दोनदा तपासला, मग डॉक्टरांना फोन केला आणि किल्ली दिली.

आम्ही वहिनीच्या माहेराहून निघालो. पहिल्याच उताराला दादानं पाय पॅडलवरून उचलून पसरले. मी मागून ओरडलो, "ब्रेक धर, म्हाताऱ्या!" तो ऐकेना. आठ मुक्कामांचे अकरा झाले, पण तिन्ही तळी झाली.

दादा पुढच्या वर्षी, थंडी सरताना, एका मंगळवारी सकाळी घरीच वारला.