बाप्तिस्म्याचे नऊ दाखले

चौथ्या भेटीतही आधी चहाच आला.

"चहा छान असतो इथला," तेजस म्हणाला. "मागच्या तीन कपांचं उत्तर तेवढं राहिलंय."

शैलाबाईंनी डोळे वटारले. कसबा पेठेतल्या शाळेत सव्वीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळल्यावर डोळे आपोआप वटारले जातात. तेजस त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, खराडीत नोकरीला. लहानपणीची वसतिगृहं वेगळी, गावंही वेगळी. पण दोघांवर अत्याचार करणारे फादर अँब्रोज एकच. अत्याचार हा शब्द उच्चारायला बाईंना पस्तीस वर्षं लागली होती.

त्यांचा प्रश्न साधा होता. अँब्रोजना कुठे कुठे, कोणत्या मुलांमध्ये पाठवलं? अँब्रोज ज्या धर्मगुरूंच्या संघाचे, त्याच्या विश्रांतवाडीच्या या कार्यालयातून दर वेळी एकच उत्तर मिळे : बदल्यांचे कागद वाळवीने खाल्ले.

बाईंनी मग वाळवीला सापडले नसतील असे कागद शोधले. बाप्तिस्म्याचा दाखला घरोघरी ट्रंकेत जपलेला असतो. त्यावर चर्चचं नाव, तारीख आणि बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांचं नाव असतं. सहा महिने फोन करून त्यांनी अँब्रोजचं नाव असलेले नऊ दाखले मिळवले. चार गावं निघाली.

संघाचे नवे प्रमुख फादर विल्फ्रेड यांनी ते एकेक करून वाचले.

"मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो," ते म्हणाले.

"करा, फादर. मीही करते. पण आमच्या वर्गात तोंडी उत्तराला मार्क नसतात."

फादर पुन्हा दाखल्यांकडे वळले. दाखले तारखेप्रमाणे लावलेले होते. त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"चौऱ्याण्णव ते सत्त्याण्णव काहीच नाही."

"त्या वर्षांतला दाखला मिळाला नाही. अजून शोधतेय."

"मिळणार नाही, बाई." त्यांनी बोट उचललं. "अँब्रोज तेव्हा होते तिथे चर्चच नव्हतं. फक्त मुलींचं वसतिगृह. मी तिथे त्यांचा मदतनीस होतो."

तेजसने कप खाली ठेवला.

"मुली त्यांच्या खोलीसमोरून जाताना पळायच्या. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, बघतो. मी पुन्हा विचारलं नाही."

बाईंना राग आला. वर्गात कुणी चूक कबूल केली की त्या आधी ऐकून घेत. आजही त्यांनी ऐकून घेतलं. मग कोरा कागद पुढे सरकवला.

"हेच लिहा. आणि अँब्रोज आज कुठे आहेत, तेही."

फादरांनी लिहायला घेतलं. पाचवं गाव. वरिष्ठांचं नाव. स्वतःचं नाव. अँब्रोज सध्या राहतात त्या आश्रमाचा पत्ता. "शेजारी शाळा आहे," ते लिहिता लिहिता म्हणाले. "त्यांना आजच तिथून हलवतो. कुठे, ते लेखी कळवतो. आणि उद्या तुम्ही पोलिसांकडे जाल, तेव्हा मी सोबत येतो. हाच माझा जबाब."

बाईंनी कागद वही तपासावी तसा वाचला.

"तारीख राहिली."

फादरांनी तारीख घातली, शिक्का मारला, एक प्रत बाईंना दिली.

फाटकाबाहेर तेजसने विचारलं, "आता काय, बाई?"

त्यांनी पर्समधून फोन नंबरांची वही काढली, कोऱ्या पानावर पाचव्या गावाचं नाव लिहिलं.

"त्या मुली आता चाळिशीच्या असतील," त्या म्हणाल्या. "आपल्यावर विश्वास ठेवणारं कुणीतरी आहे, हे त्यांना कळायला हवं."